नॅरोगेजकाका

डोंबिवलीत माणूस गाडीवरून ओळखला जातो. कोणी सात-बावन्नवाले, कोणी बदलापूर फास्टवाले, कोणी लेडीज स्पेशलवाल्या. आमच्या सोसायटीतले नॅरोगेजकाका मात्र अशा गाडीवरून ओळखले जातात, जी डोंबिवलीला कधी आलीच नाही.

काकांचं खरं नाव तळमजल्यावरच्या फलकावर आहे. ते कुरिअरवाल्याखेरीज कोणी वाचत नाही. अंगानं काका पक्के ब्रॉडगेज. तिघांच्या बाकावर ते बसले की चौथी सीट आपोआप रद्द होते. उभी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे रेल्वेशी संबंध आला तो फक्त पासापुरता. हाताला कधी वंगण लागलं नाही, पान्हा कधी धरला नाही. पण अरुंद रुळांवरचं, वाफेवर चालणारं आणि आता निकामी होऊन कुठेतरी उभं केलेलं इंजिन दिसलं की काकांच्या घशात हुंदका येतो आणि पाठोपाठ तोंडातून भाषण.

त्यांच्या मायेचं गणित सोपं आहे. रुळांमधलं अंतर जितकं कमी, तितकी माया जास्त. साडेपाच फुटी ब्रॉडगेजवरून ते नाइलाजानं प्रवास करतात. मीटरगेजबद्दल आदरानं बोलतात. अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेचं नाव निघालं की चष्मा पुसतात. आणि दोन फुटी माथेरानच्या गाडीचा विषय निघाला (तो निघत नाही, काका काढतात) की समोरच्यानं आपलं स्टेशन कधी येतंय ते बघून ठेवावं.

प्रत्येक उपनगरात असा एक गृहस्थ असतोच. त्याला काहीतरी वाचवायचं असतं. कुणाला विहीर, कुणाला वाडा, कुणाला रस्तारुंदीत जाणारा पिंपळ. काकांच्या वाट्याला इंजिन आलं. त्यांची मागणी एकच : जुनी छोटी इंजिनं दुरुस्त करावीत आणि पुन्हा चालती करावीत. नुसती रंगवून चौथऱ्यावर उभी केलेली चालणार नाहीत. धूर दिसला पाहिजे, शिट्टी ऐकू आली पाहिजे, आणि शक्यतो काकांना फूटप्लेटवर उभं राहू दिलं पाहिजे.

शनिवारी दुपारी कर्जत लोकलनं त्यांच्याबरोबर नेरळला जाण्याचा योग आला, तर व्याख्यान स्टेशनवार मिळतं. विठ्ठलवाडीला १८५० चा मे महिना उजाडतो आणि ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढतात. उल्हासनगरला ते खाली उतरून सगळ्यांना वर काय हवा आहे ते सांगतात. अंबरनाथला सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन रूळ टाकायला घेतात; ते साल १९०४. बदलापूरला फलाटावरची गर्दी आत घुसते, तिला न जुमानता काका काम पुरं करतात आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू करून देतात.

वांगणीला इंजिनं येतात. चार नग, बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीचे, नंबर ७३८ ते ७४१. इथून काकांचा आवाज चढतो, कारण घाटही चढतो. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि वळणं अशी की एका सरळ चौकटीत घट्ट बसवलेली सहा चाकं रुळांतच अडकावीत. "मग काय केलं असेल?" काका समोरच्या झोपलेल्या प्रवाशाला विचारतात. तो जागा होतो. काका त्याच्या हातातला पेपर गुंडाळून नळी करतात आणि आपल्या छत्रीची काठी आत घालतात. "ही नळी म्हणजे पोकळ आस, चाकं हिच्यावर. ही आतली काठी म्हणजे भरीव आस. मध्ये एक गोळा. वळण आलं की बाहेरची नळी गोळ्यावर जराशी तिरकी होते. पुढच्या आणि मागच्या चाकांना ही सोय. क्लीन-लिंडनर म्हणतात याला!" हे दाखवताना छत्रीचं टोक तिसऱ्याच माणसाच्या बरगडीत जातं. शेलू गेलेलं असतं. नेरळ येतं. पेपरवाल्याला बहुधा अंबरनाथलाच उतरायचं होतं.

या इंजिनांच्या आखणीमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर होता. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्याचीच करणी. पुढे त्यानं विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. "लहान गाडी आणि मोठी उडी," काका म्हणतात. हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं आहे आणि ते आनंदानं पुन्हा म्हणतात.

घरी परिस्थिती वेगळी. घरातला मिक्सर बिघडला तर काका दोन हात लांब उभे राहतात आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा असं काकूंना सांगतात. निवेदनं मात्र स्वतः लिहितात. मराठीत, इंग्रजीत, आणि दिल्लीला जायचं असेल तर हिंदीत. उत्तर आलंच तर "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे" असं येतं. ती सगळी उत्तरं एका फाइलीत आहेत आणि फाइलीवर काकांनी ठसठशीत अक्षरांत 'वाफ' असं लिहिलं आहे. "नाव बरोबर आहे," काकू म्हणतात, "दिसते खूप, हाताला काही लागत नाही."

काकांचा स्वतःचा असा एकच दुरुस्ती-प्रकल्प आहे. गॅलरीत तांब्याचा बंब उभा आहे, वडिलार्जित. काकांच्या मते तो बंब म्हणजे तत्त्वतः इंजिनाचा बॉयलरच : मधून जाळाची नळी, भोवती पाणी, वर धुराडं. घरी बंब असलेल्या माणसानं इंजिनाला भ्यायचं कारण नाही. बंबाची तोटी गळते, तळाला पाझर आहे, धुराड्याचा वरचा तुकडा घर बदलताना गहाळ झाला. काकांनी त्याला "ओव्हरहॉलसाठी" उभं केलं, त्याची एक वही घातली, वहीत पहिल्या पानावर तारीख टाकली. तेव्हापासून काकू बंबात कांदे ठेवतात.

काकांचे पहिले विरोधक म्हणजे त्यांचे मेहुणे, काकूंचे थोरले भाऊ. राहणार नौपाडा, ठाणे. हयात ऑडिटमध्ये गेली. आम्ही त्यांना ठाण्याचे मामा म्हणतो. रविवारी ते भाचरांसाठी खाऊ आणि काकांसाठी शंका घेऊन येतात.

"भावोजी," मामा सुरुवात करतात, "१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. त्यातलं एकही आज शिल्लक नाही. ठाण्याचं काही अडलं?"

"अडलं!" काका म्हणतात. "दाखवायला काय आहे तुमच्याकडे? नुसती तारीख!"

"तारखेला गंज चढत नाही."

यावर काकांना उत्तर सुचत नाही, म्हणून ते वेल्सला जातात. तिथली टॅलिलिन नावाची छोटी गाडी बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा १९५१ साली हौशी लोकांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे. कोणी कारकून, कोणी मास्तर, कोणी पाद्री. सुटीत जायचे आणि रूळ ठोकायचे. "आणि मेहुणे, डोंबिवलीत काय स्वयंसेवकांची वाण आहे?"

"वाण नाही," मामा म्हणतात. "पण ते सकाळी साडेसातला घरी परततात. पुढे ऑफिस असतं."

मग मामा वही काढतात. पीरभॉयांनी त्या काळी सोळा लाख रुपये घातले असं सांगतात. ते घरचे होते. आता घालायचे ते कुणाचे? जुन्या इंजिनाचा बॉयलर बदलायचा, नळ्या बदलायच्या, सिलिंडर पुन्हा बोअर करायचे, चाकांचे टायर नवे चढवायचे. "मग जुनं काय उरलं, भावोजी? नंबरप्लेट?" मामा विचारतात. "मग नवंच बांधा की! इंग्लंडात २००८ साली 'टॉर्नेडो' नावाचं वाफेचं इंजिन नवंकोरं बांधलं, जुन्या नकाशांवरून. लोक त्याच्याही मागे धावले."

"नवं ते नवं," काका म्हणतात. "ते पूर्वी कुठे गेलेलं नसतं."

हा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला होता, पण काकांनी त्यावर लगेच अर्धा तास बोलून तो घालवला.

मामांचा आणखी एक हुकमी पत्ता आहे. माथेरानचा परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. वर मोटारींना बंदी. एप्रिलमध्ये घाटात वाळलेला पाला पसरलेला असतो आणि कोळशाचं इंजिन चढताना ठिणग्या फेकतं. "वणवा लागला तर निवेदन कुणाला द्यायचं?" यावर काका तयार असतात. कोळसाच हवा असं कोणी सांगितलं? निलगिरीच्या डोंगरात तेलावर चालणारी वाफेची इंजिनं आहेत. नेरळलाही या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगचं बी वर्गाचं ७९४ नंबरचं इंजिन आणलंच होतं, १९१७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यात बनलेलं. आणि दार्जिलिंगला तर १९९९ साली युनेस्कोचा शिक्का मिळाला. तिथल्या तिंधारियाच्या वर्कशॉपमध्ये अजून वाफेची इंजिनं उघडतात आणि मिटतात. "मग आम्ही काय पाप केलंय?" इथे 'आम्ही' म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि रायगड जिल्ह्याचा जरूर तेवढा भाग.

अलीकडे मध्य रेल्वेनं माथेरानच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. वरून धुराडं, गोल पोट, जुना थाट, आत डिझेल. पर्यटक खूश झाले. काकांनी दोन दिवस जेवण कमी केलं. मग निवेदन लिहिलं, त्यात 'सोंग' हा शब्द चार वेळा होता.

नेमका त्याच सुमाराला गुढीपाडवा आला. नववर्षाची शोभायात्रा हा डोंबिवलीचा अभिमानाचा विषय. गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये सुरू केली आणि मग गावोगावी निघू लागली. आमच्या सोसायटीला चित्ररथ करायचा होता. तरुण मंडळींचं म्हणणं होतं वंदे भारत. काका सभेत उभे राहिले, आणि ते बसावेत म्हणून सगळ्यांनी माथेरानच्या इंजिनाला होकार दिला.

छोटा हत्ती टेम्पो ठरवला. त्याच्यावर प्लायवूड आणि थर्माकोलचं ७३९ नंबर उभं राहिलं. रंगाची छटा काकांनी तीनदा बदलायला लावली. धुराड्यात धूप आणि ऊद घातलेली धुपाटणी ठेवली, ती फुंकायला चौथीतला एक फायरमन नेमला. मिरवणूक फडके रोडला लागेपर्यंत सगळं झकास चाललं. तिथे आडव्या बांधलेल्या पताकांत धुराडं अडकलं. काकांनी धुराडं मापात केलं होतं. पताका मापात नव्हत्या. टेम्पो पुढे गेला, धुराडं जागच्या जागी लोंबत राहिलं आणि उदाचा सगळा धूर केबिनमध्ये शिरला. छोटा फायरमन शिंकत बाहेर आला. रस्त्याकडेची पोरं "थॉमस! थॉमस!" म्हणून ओरडू लागली. निवेदकानं माइकवरून जाहीर केलं, "आणि हे पाहा, आपल्या वंदे भारतचे आजोबा!"

संध्याकाळी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन मामांनी अगदी शांतपणे विचारलं, "भावोजी, आत टेम्पो आणि वर इंजिन. बरोबर?"

"बरोबर."

"रेल्वेनं आत डिझेल आणि वर इंजिन केलं, त्याला तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी श्रीखंड संपवलं. त्यांना हवं होतं त्याहून थोडं लवकर.

या वादात खरी वाफ भरली ती कल्याणच्या अण्णांनी. अण्णा मूळचे कुर्डुवाडीचे. बार्शी लाइटच्या वर्कशॉपमध्ये खलाशी म्हणून लागले आणि बॉयलरमेकर होऊन निवृत्त झाले. आता कल्याणला मुलाकडे असतात आणि संध्याकाळी काळ्या तलावाकाठी बाकावर बसतात. तिथे काकांनी त्यांना गाठलं. अण्णांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं कमी येतं. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकण्याची ती कमाई. बॉयलरमेकर लोकांना हे दुखणं धंद्याबरोबरच मिळतं. त्यामुळे काकांचं व्याख्यान शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेणारा पहिला माणूस त्यांना तिथे भेटला.

काकांना वाटलं, आता आपली बाजू मजबूत झाली. साक्षात इंजिनात हात घातलेला माणूस! त्यांनी अण्णांना घरी आणलं, मामांसमोर बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, "अण्णा, जुनी इंजिनं चालू करायला हवीत की नाही?"

अण्णा म्हणाले, "कशापायी?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काकांच्या पाहुण्याबद्दल प्रेम वाटलं.

"आवं सायेब, तुमी बाहीरनं बघितलंय," अण्णा सांगू लागले. "आमी आतनं. आषाढीला पंढरपूरची गाडी सुटायची तर टपावर मानसं. इंजिन गळतंय म्हनून थांबवायची सोय न्हाई. आग पुरी इझायच्या आत, भट्टी गरम असतानाच आत शिरायचं. अंगावर वली पोती. गळकी नळी आतनं ठोकून घट्ट करायची आन् बाहीर यायचं. सा म्हैन्यानं एक शर्ट मिळायचा, तो दोन म्हैन्यात जळायचा. तुमाला शिट्टी आठवती, मला पाठ आठवती."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णांनीच विषय मामांच्या त्या शंकेवर आणला. बॉयलर बदलला तर इंजिन जुनं उरतं का, हा प्रश्न त्यांना कळेचना. शेडमध्ये एका इंजिनाचा बॉयलर दुरुस्तीला गेला की तयार असलेला दुसऱ्याचा त्याला चढवायचे. कुठलंच इंजिन जन्माच्या बॉयलरवर म्हातारं झालं नाही. "इंजन म्हंजी नंबर न्हवं. इंजन म्हंजी त्येचं काम येनारी चार मानसं," अण्णा म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.

तिथे त्यांना बंब दिसला. त्यांनी कांदे काढून काकूंकडे दिले. बोटांच्या पेरांनी बंबावर ठोकत ठोकत खाली आले आणि एका जागी थांबले. "हितं पाझर." पुढच्या रविवारी पिशवीतून सामान आणलं. पाझराला डाख दिला, तोटीचा वायसर बदलला, पत्र्याचं धुराडं वळवून बसवलं. मग बंब काठोकाठ भरून रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. इंजिनाच्या बॉयलरचीही पहिली परीक्षा थंड पाण्यानंच घेतात, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन. कारण पाणी दाबलं जात नाही, कुठे फुटलंच तर नुसतं गळतं. वाफ फुटली तर माणूस नेते. काकांनी हे वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून घेतलं. इतक्या वर्षांत वहीनं पान उलटलं ते असं.

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटला. काका टॉवेल लावून, हातात घड्याळ घेऊन उभे. धूर वरच्या मजल्यावर गेला, वरच्यांनी खाली फोन केला, पण पाणी असं कडकडीत तापलं की दोन बादल्या काकांनी त्यांनाही पाठवल्या. सोसायटीत त्या दिवशी नॅरोगेजकाकांना पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

अण्णा फराळाला आले होते. चकली मोडता मोडता त्यांनी विचारलं, "आन् उंद्या कोन पेटवनार?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी गिझरच्या बटणाकडे पाहिलं.

"मग बघा," अण्णा म्हणाले. "दुरुस्ती एकदाच असती. पेटवनं रोजचं."

माझ्या मते इंजिन-दुरुस्तीच्या सगळ्या वादात इतकं नेमकं वाक्य कोणी बोललेलं नाही, आणि त्याचा परिणाम काकांवर झाला, हे आणखी विशेष. पुढच्या नेरळवारीला आम्ही चौघे गेलो. चौथऱ्यावरच्या इंजिनापुढे काकांनी सवयीनं हात जोडले. अण्णांनी चपला काढून आधी नमस्कार केला आणि मग चष्मा लावून खालून, बाजूनं, मागून पाहायला लागले. ते इंजिनावर नाराज नव्हते. प्रेम दाखवायची त्यांची तीच रीत असावी.

"उघड्यावर ठेवलेल्या कंच्याबी इंजिनाला पयलं काय पायजे सांगा," अण्णांनी विचारलं.

"नवा बॉयलर," काका म्हणाले.

"अंदाजपत्रक," मामा म्हणाले.

"धुराड्यावर झाकन," अण्णा म्हणाले. "पावसाचं पानी धुराड्यातनं आत पडतंय. आत जुनी राख. राख भिजली की पत्रा खाती. तुमी बाहीरनं रंग मारता, ती आतनं खाती. झाकन घाला, वर शेड घाला, राख खरवडून काढा. मग शंभर वर्सं विचार करत बसा, चालवायचं का न्हाई."

मामांनी वही काढली. झाकणाचा खर्च त्यांनाही परवडण्यासारखा वाटला.

परतीच्या लोकलमध्ये काका शेलूपर्यंत गप्प होते. वांगणीला त्यांना सुचलं आणि ते उठून उभेच राहिले, त्याबरोबर दोन माणसांना बसायला जागा मिळाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते. वर अमन लॉज ते माथेरान तेवढी शटल चालते. म्हणजे वाफेचं एक इंजिन आठ महिने चालवायचं आणि पावसाळ्यात त्याचा बॉयलर उघडायचा, धुवायचा, नळ्या तपासायच्या. वर्षातून एकदा फोटोपुरतं पेटवायचं नाही, कारण कधीतरी तापणारं आणि एरवी ओलं पडून राहणारं इंजिन आतून लवकर खलास होतं, हे अण्णांनी सांगितलंच होतं. आणि ते चार महिने, काका म्हणाले, आयटीआयची मुलं तिथे शिकायला घ्यायची.

"कोण शिकवणार?" मामांनी विचारलं.

काकांनी अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णा खिडकीशी झोपले होते.

"एकच?"

"दार्जिलिंगला आहेत, कुन्नूरला आहेत," काका म्हणाले. "पण इकडचे आता थोडेच. म्हणून तर घाई."

मामा ऑडिटमधले. मालमत्ता शिल्लक आहे पण ती वापरता येणारा माणूस उरलेला नाही, अशा नोंदी त्यांनी हयातभर लाल शाईनं केल्या आहेत. बदलापूरला ते म्हणाले, "भावोजी, निवेदनाचा मसुदा मला दाखवा. यावेळी मुद्दे मी काढतो."

ते निवेदन मी वाचलं आहे. काकांच्या आधीच्या निवेदनांत पाच पानं आणि एक कविता असे. हे एका पानाचं आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तशी छपराखालची जागा उघड्यावरच्या प्रत्येक छोट्या इंजिनाला मिळावी. एकच इंजिन चालतं करावं, पण ते नियमानं चालवावं. आणि ज्यांनी बॉयलरच्या आत काम केलं आहे अशा निवृत्त कामगारांना मानधन देऊन मुलांना शिकवायला बोलवावं. कविता मामांनी काढली. काकांनी ती पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिली, असं काकू सांगतात.

जुनी इंजिनं दुरुस्त करावीत का, या प्रश्नाचं माझं उत्तर आता मामांच्या त्या एका पानाइतकंच आहे. सगळी चालती करण्याचा हट्ट धरू नये. तेवढा पैसा नाही आणि तेवढे हात तर नाहीतच. पण एकही चालतं करू नये हेही बरोबर नाही, कारण ज्या दिवशी शेवटचं इंजिन थंड होतं, त्या दिवसापासून ते दुरुस्त करणारा माणूस तयार होणंही थांबतं, आणि मग झाकण कुठे घालायचं हेसुद्धा सांगायला कोणी उरत नाही.

तेव्हा ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना विनंती : आधी छप्पर घाला, मग अण्णांना बोलवा, आणि मग एक इंजिन निवडून रोज पेटवा. काकांना बोलवायची गरज नाही, ते येतीलच. त्यांचा कर्जतपर्यंतचा फर्स्ट क्लासचा पास काढून द्यायला काकू तयार आहेत.